जमातींच्या वारसारक्षण-कचेऱ्या आणि काशीमीरा येथील पाडे

ज्या समाजाच्या घरीं दप्तर असतें त्याचा इतिहास लिहिला जातो. ज्याच्या घरीं तें नसतें त्याचें वर्णन मात्र दुसरेच कोणी करून ठेवितात. आमच्या संशोधनक्षेत्रांत हा प्रकार इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं उणें आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सनदा, महजर, वंशावळी, शकावल्या व ताम्रपट यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या जमातींची गांठ पडते ती बहुधा सन १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत, अथवा एखाद्या महसुली कागदाच्या समासांत. त्यांचीं देवस्थानें, त्यांच्या पूर्वजांचीं स्थानें, त्यांच्या लग्नांत म्हटलीं जाणारीं गीतें यांची नोंद कोणीं करावी, कोणत्या कसोटीनें करावी, आणि केलेली नोंद कोणास दाखवावी, हे प्रश्न आमच्याकडे अद्याप नीटसे विचारलेहि गेलेले नाहींत. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत तेथील मूळच्या जमातींनीं गेल्या तीस वर्षांत यांचें एक व्यवहारांत चालणारें उत्तर काढिलें आहे. त्यांनीं आपापल्या वारसारक्षण-कचेऱ्या उघडल्या आहेत. या कचेऱ्यांचें काम कसें चालतें तें सांगून, ठाणें जिल्ह्यांतील काशीमीरा या ठिकाणीं तशा व्यवस्थेची उणीव कशी भासते तें दाखविण्याचा येथें विचार आहे.

काशी व मीरा हीं मूळचीं दोन गांवें. त्यांचें जोडनांव काशीमीरा. अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता व ठाण्याकडून येणारा घोडबंदरचा रस्ता यांच्या सांध्यावर हें ठिकाण आहे. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेंत (१७३७–३९) घोडबंदर व धारावी येथें काय घडलें हें पेशवे दप्तराचे छापील खंड चाळणाऱ्यांस सांगावयास नको. घोडबंदरचा किल्ला आज उभा आहे, त्याच्या डागडुजीस सार्वजनिक पैसा लाभला आहे, व त्याच्याविषयीं लिहावयाचें झाल्यास मराठी व फिरंगी अशा दोन्हीं बाजूंचे कागद हातीं येतात. त्याच परिसरांत, डोंगराच्या पायथ्यास, वारली लोकांचे पाडे आहेत. मांडवीपाडा, माशाचा पाडा, दाचकुलपाडा हीं नांवें आतां शहराच्या वस्तींत इतकीं मिसळून गेलीं आहेत कीं, परका मनुष्य त्यांस रस्त्यांचीं नांवें समजतो. मीरा-भाईंदरला सन १९८५ मध्यें नगरपालिका मिळाली व २००२ मध्यें महानगरपालिका. मेट्रोच्या नवव्या मार्गिकेवर काशीगांव व मीरागांव अशीं स्थानकांचीं नांवेंहि पडलीं आहेत. गांवें स्थानकांच्या नांवानें उरलीं हें बरेंच झालें. पाड्यांचें तसें कांहीं होण्याचीं चिन्हें नाहींत.

वारली या नांवाविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. पाणिनीच्या चौथ्या अध्यायांतील अपत्यवाचक प्रत्ययांच्या प्रकरणीं कात्यायनानें एक वार्तिक घातलें आहे, त्यांत वरुड हा शब्द व्यास, निषाद, चंडाल व बिंब यांच्या पंक्तीस बसला असून त्यापासून वारुडकि असें रूप सिद्ध होतें. राजवाड्यांनीं वारली शब्दाचा संबंध या रूपाशीं जोडिला. सन १९२४ मध्यें महिकावतीची बखर संपादून उत्तर कोंकणच्या वसाहतीचा विचार त्यांनींच प्रथम विस्तारानें केला, आणि त्या बखरींतील बिंबाचें नांव त्याच वार्तिकांत यावें हा योगायोग मोठा मोहक आहे. दुसरे कोणी वारल म्हणजे डोंगरउतारावरील लागवडीचा तुकडा, या शब्दाकडे बोट दाखवितात. आम्हांस यांपैकीं कोणताहि पक्ष ठामपणें घेववत नाहीं. ध्वनिसाम्यावर इमारत उभारण्याचे दिवस गेले. परंतु या वादांत एक गोष्ट लक्ष्यांत घेण्याजोगी आहे: पतंजलीच्या ग्रंथापासून गॅझेटियरपर्यंत सर्वांची साक्ष काढिली गेली; खुद्द वारल्यांस त्यांच्या नांवाचा अर्थ विचारण्याचें काम मात्र मागें राहिलें.

आतां या पाड्यांपाशीं रक्षण करण्याजोगें आहे तरी काय? वाचकांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें वारली चित्रें येतील, व तीं आतां परदेशींहि माहीत आहेत. परंतु चित्राच्या आधीं स्थान येतें. वाघोबाचें स्थान हें त्यांतील मुख्य. झाडाखालीं अथवा रानाच्या कडेस एक लांकडी फळी किंवा दगड उभा असतो. त्यावर वाघ, व बहुधा सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. दिवाळीच्या तोंडाशीं वाघबारस येते तेव्हां त्याची पूजा होते. वाघ व बिबट्या यांनीं माणसांस व गुरांस सांभाळून राहावें, माणसांनीं देवाचा मान चुकवूं नये, असा हा जुना करार आहे. सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील अशा दीडशेंहून अधिक स्थानांची नोंद झाली आहे. राष्ट्रीय उद्यानांत बिबट्या आजहि नांदतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा करार केवळ पुराणवस्तु नाहीं हें कळून येईल.

ही लांकडी फळी आमच्या कायद्याच्या तराजूंत घालून पाहावी. सन १९५८ च्या केंद्रीय कायद्यानें प्राचीन स्मारक ठरण्यास वस्तु निदान शंभर वर्षांची असावी लागते. सन १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानेंहि शंभर वर्षांचीच अट घातली. तींत हस्तलिखितांस व दस्तऐवजांस तेवढी सवलत देऊन पंचाहत्तर वर्षांवर आणिलें. म्हणजे आमच्या पोथ्यांस कायद्यानें पंचवीस वर्षांची सूट दिली आहे! उलट कोंकणच्या पावसांत उघड्यावर उभी असलेली लांकडी फळी शंभर वर्षें कशी टिकावी? ती कुजते, वाळवी लागते, आणि मग पाड्यावरचे लोक तिच्या जागीं नवी बसवितात. कायद्याच्या दृष्टीनें ती नवी वस्तु. पाड्याच्या दृष्टीनें देव तोच व जागा तीच. पोथीची नक्कल केली म्हणजे ग्रंथ नवा होत नाहीं हें तत्त्व आम्ही नित्य मानतों. ज्ञानेश्वरांच्या हातची ज्ञानेश्वरीची प्रत कोणीं पाहिली आहे? तरी ग्रंथाच्या वयाविषयीं आम्ही बिनदिक्कत शतकांच्या गोष्टी बोलतों. तोच न्याय फळीस लावावयास नको काय?

अमेरिकेंतील व्यवस्थेचें मर्म येथेंच आहे, म्हणून आतां तिकडे वळूं. तेथें सन १९६६ मध्यें ऐतिहासिक स्थलांच्या रक्षणाचा एक राष्ट्रीय कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक संस्थानांत एक रक्षणाधिकारी नेमला गेला, व मध्यवर्ती सरकारच्या पैशानें किंवा परवान्यानें होणारें कोणतेंहि काम, मग तो रस्ता असो, धरण असो वा तारेचा खांब असो, सुरू करण्यापूर्वीं त्यानें जुन्या स्थानांस धक्का लागतो कीं काय हें पाहून या अधिकाऱ्याशीं विचारविनिमय करणें सक्तीचें झालें. प्रथम या योजनेंत जमातींस स्वतःचें असें स्थान नव्हतें. त्यांच्या भूमीवरील कोणतें स्थान महत्त्वाचें हें संस्थानचा अधिकारी ठरवी. आणि त्याची दृष्टि, साहजिकच, विटांच्या घरांकडे व लढायांच्या मैदानांकडे. सन १९९२ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन जमातीस आपल्या भूमीपुरतीं ही कामें आपल्याकडे घेण्याची मुभा मिळाली. सन १९९६ मध्यें पहिल्या बारा जमातींनीं ती घेतली. आज अशा कचेऱ्या दोनशेंहून अधिक आहेत.

त्याच दुरुस्तीनें दुसरीहि एक गोष्ट स्पष्ट केली. जमातीच्या धर्माच्या व परंपरेच्या दृष्टीनें महत्त्वाचें असलेलें स्थान राष्ट्रीय नोंदवहींत येण्यास पात्र ठरूं शकतें. तेथें इमारत असलीच पाहिजे असें नाहीं. एखादें शिखर, झरा, औषधी गोळा करण्याचें रान यांसहि जागा मिळाली. कसोटी वस्तूच्या वयावरून हालून लोकांच्या चालत आलेल्या संबंधावर आली. आमच्या लांकडी फळीस तिकडे न्याय मिळाला असता तो याच वाटेनें.

कचेरींत प्रत्यक्ष चालतें तें काम बरेंचसें कंटाळवाणें आहे, आणि तें तसेंच असावें. अधिकारी हा जमातीनें नेमलेला; बहुधा तिच्यांतलाच. त्याच्याकडे एक नोंदवही व नकाशे असतात. वृद्ध मंडळींस बरोबर घेऊन तो रान चालून काढतो, कोणत्या स्थानीं काय आहे तें टिपतो, नांवें जुन्या भाषेंत लिहून घेतो. बाहेरून रस्त्याचें वा नळाचें काम आल्याचें पत्र आलें म्हणजे त्यास ठराविक मुदतींत उत्तर द्यावें लागतें: हरकत नाहीं, किंवा हरकत आहे व ती अशी, किंवा मार्ग अमुक हात उत्तरेस सरकवावा. खणतांना अस्थि सांपडल्या तर तो जागेवर जाऊन उभा राहतो. पत्रांचा ढीग मोठा व माणसें थोडीं. सरकारी अनुदान ज्या निधींतून येतें त्यांत समुद्रांतील तेल व वायु यांच्या उत्पन्नाचा वांटा असून तें सर्व कचेऱ्यांत विभागून दिलें जातें. कचेऱ्या वाढत गेल्या तसा प्रत्येकीचा वांटा रोडावला. एका माणसानें शेंकडों पत्रांस उत्तरें द्यावीं अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आहे.

या अधिकाराची मर्यादाहि सांगितली पाहिजे, नाहीं तर वाचकांची समजूत वाजवीपेक्षां गोड होईल. विचारविनिमय सक्तीचा आहे. जमातीचें म्हणणें ऐकणें सक्तीचें आहे. तें मानणें सक्तीचें नाहीं. सन २०१६ मध्यें स्टँडिंग रॉक येथील सू जमातीनें आपल्या सीमेजवळून जाणाऱ्या तेलाच्या नळास हरकत घेतली. नळाच्या मार्गांतील पूर्वजांच्या स्थानांची माहिती सप्टेंबरच्या आरंभीं न्यायालयापुढें मांडण्यांत आली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्या भागांतील जमीन यंत्रांनीं उकरली गेली. नळ पुढें पुरा झाला व सन २०१७ मध्यें त्यांतून तेल वाहूं लागलें. तरी कोणतें स्थान कोठें होतें याचा लेखी उल्लेख न्यायालयाच्या दप्तरीं राहिला, तो जमातीनें स्वतः करून दिला म्हणून. काशीमीऱ्याच्या बाजूस रस्ते रुंद झाले, खाणी निघाल्या, इमारती उठल्या; त्यांत काय गेलें याचा असा एकहि लेखी उल्लेख आमच्या पाहण्यांत नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ज्या कलमाकडे विशेष लक्ष्य द्यावें तें आतां सांगतों. अमेरिकेच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, स्थानाचें ठिकाण प्रसिद्ध केल्यानें त्यास इजा पोंचण्याचा संभव असेल, किंवा तेथील धार्मिक आचारांत व्यत्यय येण्याचा संभव असेल, तर तें गुप्त ठेवितां येतें. म्हणजे नोंद आहे, पण ती सर्वांच्या वाचण्यासाठीं नाहीं. हें ऐकतांच आमच्यांतील संशोधक दचकेल. प्रसिद्धि हेंच आमचें ब्रीद. एखादा कागद दडविणारा घराणेदार मनुष्य आमच्या लेखीं शत्रुच. परंतु महानुभावांचें उदाहरण आठवावें. त्या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून मठांत शतकानुशतकें राखिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपींची किल्ली बाहेरच्या विद्वानांस मिळाली आणि जुन्या मराठी गद्याचें भांडार उघडलें, याचा आनंद आम्ही अद्याप मानतों. पण ते ग्रंथ मुळांत वांचले कशानें? ज्यांचे होते त्यांच्या हातीं राहिले, व त्यांस झांकून ठेवावेसे वाटले, यानें. झांकणें हीहि राखण्याची एक रीत आहे.

त्याच महानुभाव वाङ्मयांत महदंबेचे धवळे आहेत, आणि वारल्यांच्या लग्नांत विधि चालविणारी व गीतें म्हणणारी जी स्त्री तिला धवलेरी म्हणतात. शब्दाचें मूळ एकच असावें असा आमचा तर्क आहे. तांदुळाच्या पिठानें भिंतीवर लग्नाचा चौक सवाशिणींनीं लिहावयाचा, मध्यें पालघाट देवीची आकृति काढावयाची, आणि धवलेरीनें गीतांनीं तिला जागृत करावयाचें, असा हा क्रम आहे. चौक एका लग्नापुरता असतो. तो काळानुसार पुसट होतो, व पुढल्या लग्नास नवा लिहिला जातो. सन १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणू भागांत कागद व रंग पोंचविले, जिव्या सोमा मशे यांचें नांव झालें, त्यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्यें वारली चित्रकलेस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी लाभली. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु नोंदणीनें रक्षिली ती विकाऊ वस्तूची ओळख. धवलेरीचीं गीतें कोणीं ऐकावीं, कोणीं ध्वनिमुद्रित करावीं, मुद्रण कोठें ठेवावें, याचा निर्णय त्यांतून होत नाहीं.

आम्ही पुष्कळ वर्षें अध्यापन केलें. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांस आपल्या गांवच्या देवाविषयीं निबंध लिहावयास सांगितला म्हणजे तीं गणपतीविषयीं लिहीत. शाळेच्या वहींत कोणता देव चालतो याची त्यांस पक्की जाण होती.

संग्रहालयांच्या बाबतींत तिकडचा कायदा याहून कडक आहे. सन १९९० च्या एका कायद्यानें जमातींच्या पूर्वजांच्या अस्थि व पूज्य वस्तु परत करण्याचें बंधन संग्रहालयांवर घातलें; जानेवारी २०२४ पासून अंमलांत आलेल्या नियमांनीं तर अशा वस्तु मांडण्यापूर्वीं जमातीची संमति घेणें आवश्यक केलें. न्यूयॉर्कच्या मोठ्या निसर्गेतिहास-संग्रहालयानें त्याच महिन्यांत आपलीं दोन दालनें बंद केलीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं कोरीव वाघोबा, मोरपिसांचा हिरवा देव अथवा तत्सम वस्तु असतील, त्यांनीं ती कोणत्या पाड्यावरून, कोणाकडून, कोणत्या सालीं आली तें आजच एका कागदावर लिहून वस्तूस बांधून ठेवावें. विकत घेतलेली असल्यास तसें लिहावें. उचललेली असल्यास तसेंहि लिहावें.

आमच्या देशांत या दिशेनें कांहींच नाहीं असें मात्र नाहीं; एके अर्थीं आमचा शब्द तिकडच्या शब्दाहून बळकट आहे. सन १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस आपल्या परंपरा, रूढि व सांस्कृतिक ओळख यांचें रक्षण करण्यास सक्षम ठरविलें आहे. सन २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पांचव्या कलमानें, वननिवासी लोकांच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशास बाधा आणणाऱ्या कृत्यांपासून त्यांचा अधिवास राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. ओडिशांतील नियमगिरीच्या डोंगरावर खाण काढावी कीं नाहीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं ग्रामसभांकडे सोपविला, आणि बारा ग्रामसभांनीं एकमतानें नकार दिला. डोंगर त्यांच्या नियमराजाचा होता, व त्यांचा शब्द टिकला. स्टँडिंग रॉकला जें साधलें नाहीं तें नियमगिरीस साधलें.

मग अडतें कोठें? दोन ठिकाणीं. पहिलें असें कीं, ग्रामसभेस अधिकार आहे पण कचेरी नाहीं. नकाशा, नोंदवही, पत्राचें उत्तर देणारा मनुष्य, यांची तरतूद कोणीं केलेली नाहीं. म्हणून अधिकार खटला उभा राहिला म्हणजे जागा होतो व एरवीं निजतो. पुण्यास सन १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिचें संग्रहालयहि पाहण्याजोगें आहे; परंतु ती शासनाची संस्था आहे. ती आदिवासींविषयीं संशोधन करते. आम्ही ज्या कचेरीविषयीं बोलत आहों ती आदिवासींची असते. दुसरी अडचण खास काशीमीऱ्याची. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके १९८५ च्या आदेशानें अनुसूचित क्षेत्रांत आले. ठाणें तालुका आला नाहीं. शिवाय पेसा हा पंचायतींपुरता, आणि काशीमीरा महानगरपालिकेंत. डहाणूच्या वारल्यास जो अधिकार आहे तो काशीमीऱ्याच्या वारल्यास, तोच देव व तीच भाषा असतां, केवळ शहर त्याच्या अंगावर चालून आलें म्हणून नाहीं.

आमच्या मतें एक वाट मोकळी आहे. सन २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें, अर्थात् महानगरपालिकेनेंहि, एक समिति नेमून लोकांच्या माहितीवरून जैवविविधतेची नोंदवही करावयाची असते. वनस्पति व प्राणी यांसंबंधीं परंपरागत ज्ञान तींत यावयाचें असतें. वाघोबाचें स्थान बिबट्याशीं जोडलेलें आहे, तें ज्या झाडाखालीं असतें तें झाड कोणी तोडीत नाहीं, आणि औषधी मुळ्या कोणत्या दिवशीं काढाव्यात याचे नियम देवाशीं निगडित असतात. यांस त्या वहीबाहेर ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. मात्र वही लिहिणारा मनुष्य पाड्यांनीं निवडलेला असावा. येथें आक्षेप येईल कीं, पाडे म्हणजे कोण? अमेरिकेंत जमातीच्या सभासदांची पटावरील यादी असते, तिचें स्वतःचें शासन असतें. काशीमीऱ्यास वारली, इतर आदिवासी व बाहेरून येऊन राहिलेले, अशी सरमिसळ झालेली. हा आक्षेप खरा आहे. तरी वाघबारशीस नारळ कोण वाढवितो व धवलेरीस कोण बोलावितो हें पाड्यावर सर्वांस ठाऊक असतें. आरंभास तेवढी यादी पुरे.

एतद्विषयक संस्थांनीं या कामांत पडावयाचें तें कारकून म्हणून पडावें. नोंदीचा नमुना आम्ही असा सुचवितों: स्थानाचें पाड्यावर चालणारें नांव, जसें उच्चारतात तसें, तेथें कोणत्या तिथीस कोण जातें, फळी किंवा दगड शेवटचा केव्हां बदलला व आधींचा कोणीं बसविला होता, सांगणाऱ्याचें नांव द्यावें कीं नाहीं याविषयीं त्याची इच्छा, आणि सर्वांत वर, पहिल्याच ओळींत, ही नोंद कोणीं वाचावी. मूळ वही पाड्यावर राहावी. नक्कल संस्थेकडे द्यावयाची कीं नाहीं तें पाड्यानें ठरवावें, आणि दिली तर मोहोरबंद पाकिटांत घ्यावी. जुन्या मठांच्या दप्तरांतून आमच्यापैकीं कित्येकांनीं अशाच अटींवर पोथ्या उतरून आणिल्या आहेत; त्या वेळीं त्या अटी कोणास अपमानकारक वाटल्या नाहींत.